डीजे नावाचा माणूस

लोणच्याची रिकामी बाटली टाकायला मी रविवारी दुपारी कोपऱ्यावर गेले. काचेसाठी तिथं वेगळी पिंपं असतात. पांढऱ्या काचेचं एक, हिरव्या काचेचं एक. बाटली आत पडली, खळ्ळ झालं आणि मागून घरमालकीणबाईंचा आवाज आला. बाई सत्तरीच्या. एरवी जिन्यात भेटल्या की हवापाण्याबद्दल दोन शब्द बोलणाऱ्या. त्यांनी पिंपावरच्या पाटीवर बोट ठेवून मला एकेक शब्द वाचून दाखवला : रविवारी आणि सणासुदीला काच टाकायची नाही. का? तर आवाज होतो. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाची झोप मोडल्याची काही खूण नव्हती. पण बाईंचा चेहरा असा, की मी चपला घालून गाभाऱ्यात शिरले आहे.

हे स्टुटगार्ट. ऑफिसनं तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. त्याच देशात, एका रात्रीच्या बसच्या अंतरावर बर्लिन आहे आणि तिथं शनिवारी रात्री सुरू झालेला नाच काही ठिकाणी सोमवारी सकाळी थांबतो. मला तिकडंच जायचं होतं. जेफ मिल्स हा डीजे तिथं वाजवणार होता.

हे मी घरी कोल्हापूरला फोनवर सांगितलं तेव्हा गोंधळ झाला. "डीजे बघायला जर्मनीत कशाला पायजे?" आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. आमच्याकडं डीजे हा माणूस नाहीच. डीजे म्हणजे ट्रक. डीजे लागतो, डीजे फुटतो, डीजे पोलीस उचलून नेतात. आमच्या भागात त्याला डॉल्बीही म्हणतात, आणि यातली गंमत मला फार उशिरा कळली : रे डॉल्बी या अभियंत्याचं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. आवाज पुसणाऱ्या माणसाचं नाव आम्ही स्पीकरच्या भिंतीला दिलं.

माझ्या आतेभावाची अशी एक भिंत आहे. ट्रक भाड्याचा, बाकी सगळं त्याचं. त्याला जेफ मिल्स कोण हे सांगायचा मी प्रयत्न केला. डेट्रॉइटचा, साठी ओलांडलेला, टेक्नो नावाचं संगीत ज्यांनी घडवलं त्यांच्यातला एक. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तितं बेस किती लावत्यात तेवढं मोजून ये."

बस पहाटे ब्रांडेनबुर्गात शिरली तेव्हा जाग आली. सपाट जमीन, पाइनची झाडं, मध्येच पवनचक्क्यांची रांग. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन टीशर्ट, टॉवेल, कांदा-लसूण चटणीची पुडी. वसतिगृहात आठ जणांच्या खोलीत वरची खाट मिळाली. खालच्या खाटेवर पांढऱ्या केसांच्या एक बाई पालथ्या पडून शब्दकोडं सोडवत होत्या. ग्लासगोच्या, निवृत्त परिचारिका. अशा जागी विशीतली पोरं असणार असं मी धरून चालले होते. पस्तिशीची मीच थोरली ठरेन याची थोडी लाजही वाटत होती. बाईंनी उशाजवळ ठेवलेली एक छोटी डबी मला दाखवली. आत कानात घालायचे बोळे. "शनिवारसाठी," त्या म्हणाल्या. त्याही त्याच माणसाला ऐकायला आल्या होत्या. १९९२ पासून येतात म्हणे. मनातल्या मनात मी त्यांना मावशी करून टाकलं.

तो मे महिन्यातला गुरुवार, येशूच्या स्वर्गारोहणाचा. सगळ्या जर्मनीला सुट्टी. शुक्रवारी रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात आणि त्या मधल्या शुक्रवाराला जर्मन माणूस 'पुलाचा दिवस' म्हणतो. पण बर्लिनमध्ये या गुरुवारचं खरं नाव पुरुषांचा दिवस. दुपारी क्रॉइत्सबेर्गच्या कालव्याकाठी आले तर समोरून पाच-सहा बाप्ये लाकडी हातगाडी ओढत येताना दिसले. गाडीत बियरचे क्रेट, क्रेटवर फांद्यांची सजावट आणि वर एक छोटा स्पीकर. मागून आणखी एक टोळी, तिचीही गाडी. वरात म्हणावी तर नवरा नाही, मिरवणूक म्हणावी तर देव नाही. देव सकाळीच स्वर्गात गेलेला. गाणी बेसूर, पावलं वाकडी, पण सिग्नल लाल होताच सगळे थांबले. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. तरी ते हातगाडीसकट थांबले. हिरवा माणूस पेटला आणि वरात पुढं निघाली.

मी त्यांच्या मागं थोडी चालले. रिकाम्या बाटल्या ते कचराकुंडीत टाकत नव्हते, कुंडीच्या पायाशी ओळीनं उभ्या करत होते. थोड्या वेळानं एक म्हातारी आली. नीटनेटका कोट, चाकाची पिशवी. तिनं बाटल्या उचलल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी एकदा पाहून पिशवीत ठेवल्या. दुकानात परत दिली की बियरच्या बाटलीचे ८ सेंट मिळतात, प्लॅस्टिकच्या बऱ्याच बाटल्यांचे २५. पिणाऱ्यांनी बाटली उभी ठेवायची, तिचे वाकायचे कष्ट कमी करायचे, असा अलिखित करार. कुणी कुणाकडं बघत नाही. श्रीमंत देशातली म्हातारी बाटल्या वेचते हे बघून मला आधी धक्का बसला, मग त्या उभ्या बाटल्यांचं कौतुक वाटलं, आणि मग कौतुक वाटल्याचं थोडं वाईट वाटलं. आमच्याकडं मिरवणूक पुढं गेली की रस्त्यावर चपलांचा ढीग उरतो. एकेक, जोडी नसलेल्या.

शहर बघायला पैसे लागत नाहीत, पाय लागतात. शुक्रवारी मायबाखउफरचा तुर्की बाजार. कालव्याच्या कडेनं लांबच्या लांब मांडणी : ऑलिव्ह, चीज, पुदिन्याच्या जुड्या, कापडाचे तागे. विक्रेते ओरडतात. जर्मनीत दोन महिने काढल्यावर बाजारातली आरोळी ऐकून माझ्या पोटात काहीतरी हललं. संध्याकाळ व्हायला आली की आरोळ्यांचे भाव उतरतात. आमच्या लक्ष्मीपुरीतल्या भाजीवाल्या मावशींसारखंच, शेवटचा ढीग उचला आणि मला मोकळं करा. एका टपरीवर डोनर घेतला. पावात कोंबलेला डोनर बर्लिनच्या तुर्की कामगारांनी रुजवला; १९७२ मध्ये झू स्टेशनजवळ कादिर नुर्मान यांनी तो विकला असं मानतात. मध्यंतरी तो इतका महाग झाला की तरुण पोरं चान्सलरला भर रस्त्यात विचारायची, डोनरच्या किमतीला लगाम कधी घालता? तिखट हवं का, असं टपरीवाल्यानं विचारलं. भरपूर, म्हटलं. त्यानं काळजीनं लाल पूड भुरभुरली. मी बाकावर बसून सॅकमधली पुडी काढली आणि वरून आमची चटणी घातली. त्यानं ते पाहिलं. एक चिमूट तळहातावर मागून घेतली, जिभेवर ठेवली आणि काही न बोलता मला चहाचा छोटा पेला आणून दिला. पैसे घेतले नाहीत.

त्याच दुपारी नॉयकोल्नमध्ये जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात शिरले. फक्त बघायला, एका रेकॉर्डच्या पैशात माझे दोन दिवस निघाले असते. दाढीवाल्या मालकानं गाव विचारलं. त्यातल्या त्यात ओळखीचं म्हणून मी मुंबईच्या जवळ असं सांगितलं. तो शिडीवर चढला आणि वरून एक रेकॉर्ड काढून आणली. चरणजित सिंग. नाव ऐकलंय? नव्हतं ऐकलं. मग त्यानं मला मुंबईची गोष्ट सांगितली. हा माणूस हिंदी सिनेमांच्या स्टुडिओंत वाजवायचा, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. १९८२ साली त्यानं रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं जोडली आणि दहा राग डिस्कोच्या तालावर बसवले. रेकॉर्ड चालली नाही. काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्यातल्याच एका यंत्रातून ॲसिड हाऊस नावाचं संगीत काढलं आणि जग बदललं. २०१० मध्ये ही रेकॉर्ड युरोपात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना की हे आधीचं आहे. म्हातारपणी त्यांनी इकडं येऊन कार्यक्रमही केले. २०१५ मध्ये मुंबईत वारले.

दुकानदारानं सुई टेकवली. भैरव. तंबोऱ्यासारखं काहीतरी, आणि खाली गुळगुळ करणारा, सारखा सरकणारा बेस. अंगावर काटा आला, पण त्यात संगीताचा वाटा अर्धाच. मुंबईचा माणूस मला नॉयकोल्नमधल्या दाढीवाल्यानं शिकवला, हा उरलेला अर्धा.

शुक्रवारच्या रात्रीबद्दल थोडक्यात. एका क्लबच्या रांगेत दीड तास उभी राहिले. दाराशी असलेल्या माणसानं माझ्याकडं दोन सेकंद पाहिलं, मान हलवली, "आज नाही." का ते सांगत नाहीत, विचारायचंही नसतं. माझ्या मागचे दोघं आत गेले. परत येताना मी मनातल्या मनात त्याला सगळ्या कोल्हापुरी शिव्या घालून घेतल्या. त्या जर्मन घरमालकीणबाईंना कधीच जमल्या नसत्या अशा. रंग, वय, बूट, एकटी असणं, नेमकं काय नडलं? काय नडलं ते कळू न देणं हाच त्या दाराचा धंदा आहे. गावच्या मिरवणुकीला हजार नावं ठेवा, पण तिथं कुणी कुणाला "आज नाही" म्हणत नाही. दारुडा, म्हातारा, हमाल, नगरसेवक, सगळे त्याच भिंतीपुढं.

वसतिगृहात मावशी जाग्या होत्या. त्यांना सांगितलं तर त्या हसल्या. मला पण परत पाठवलंय, म्हणाल्या, माझ्या साठाव्या वाढदिवसाला.

शनिवारी आम्ही दोघी टेम्पेलहोफला गेलो. विमानतळ होता. १९४८ मध्ये रशियनांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा इथंच विमानांतून कोळसा आणि पीठ उतरत होतं. २००८ मध्ये विमानं बंद झाली, २०१० मध्ये लोकांना आत सोडलं. कडेला घरं बांधायचा बेत होता. २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तो पाडला. शहराच्या मध्यात तीनशे हेक्टरांहून मोठं मोकळं माळरान. धावपट्टीवर पोरं सायकली चालवतात, पतंग उडतात, गवतात चंडोल घरटी करतात म्हणून तेवढ्या भागाला दोरी लावलेली. कोल्हापुरात आम्ही रंकाळ्यावर जातो तसे हे लोक धावपट्टीवर येतात. भेळ तेवढी नाही.

मावशी गवतावर आडव्या झाल्या आणि जुनं बोलायला लागल्या. १९८९ च्या जुलैमध्ये, भिंत पडायच्या चार महिने आधी, पश्चिम बर्लिनच्या मुख्य रस्त्यावर दीडशेच लोक गाडीवर स्पीकर बांधून नाचत निघाले. लव्ह परेड. डॉक्टर मोटे नावाच्या डीजेनं ती काढली आणि परवानगी घेतली राजकीय मोर्चाची. मोर्चा म्हटला की रस्ता मिळतो, बंदोबस्त सरकारचा. मला हसू आलं. टिळकांनी १८९३ मध्ये बरोबर उलटं केलं होतं : राजकारणाला गणपतीचा आडोसा दिला. इथं नाचानं राजकारणाचा आडोसा घेतला. पुढं दोन्हीकडं गर्दी लाखांत गेली आणि आडोशामागं काय होतं ते कुणाला आठवेना. २००१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं की हा मोर्चा नाही. २०१० मध्ये दुइसबुर्गला त्याच परेडच्या गर्दीत २१ माणसं चेंगरून मेली. मावशी तिथं नव्हत्या, पण हे सांगताना उठून बसल्या.

संध्याकाळी झोपायचं असं ठरलं. नऊपर्यंत उजेड, झोप कसली येते. मी आईला फोन लावला आणि जिन्यात बसून हळू आवाजात बोलले. दोन दिवसांपूर्वी मेट्रोत बोलत होते तेव्हा "मी गेलतो, मी खाल्लो" हे सगळं डब्यानं ऐकलं होतं. कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात. कुणी काही म्हणालं नाही, पण अख्खा डबा इतका शांत होता की मला माझाच आवाज ट्रकवर चढवल्यासारखा वाटला.

आवाजाचा कायदा आमच्याकडंही आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकारला ती वेळ बारापर्यंत वाढवता येते. कागद तोच. फरक आमच्या घरात होता. आमचं घर मिरवणुकीच्या वाटेवर. लहानपणी डॉल्बी खालून जायला लागली की आजी बैठकीतल्या शोकेसजवळ जाऊन उभी राहायची आणि काचेवर दोन्ही तळहात टेकवायची. आत कपबश्या, माझी शाळेतली ढाल, आजोबांचा फोटो. काच थरथरू नये म्हणून धरून ठेवायची. तीन ट्रक जाईपर्यंत तशीच. तक्रार तिनं कधी केली नाही. देवाचं आहे म्हणायची. शेवटची दोन वर्षं बाबा तिला विसर्जनाच्या दिवशी मळ्यातल्या घरी पाठवायचे. ट्रकवाल्या आतेभावाची ती लाडकी आजी. तोच तिला मोटारसायकलवरून सोडून यायचा आणि मग परत येऊन अॅम्प चालू करायचा.

साडेअकराला आम्ही निघालो. क्योपेनिकर रस्त्यावर जुन्या पूर्व बर्लिनचं बंद पडलेलं वीजकेंद्र आहे, त्याच्या पोटात ट्रेझोर हा क्लब. नावाचा अर्थ तिजोरी. पहिला ट्रेझोर खरंच तिजोरीत होता. वेर्टहाइम या ज्यू कुटुंबाचं लाइपझिगर रस्त्यावर भलंमोठं दुकान होतं. नाझींनी ते हिसकावलं, युद्धात ते मोडलं, पुढं भिंतीजवळच्या ओसाड पट्ट्यात जमिनीखालचा लॉकरांचा तळ तेवढा राहिला. भिंत पडल्यावर पूर्वेतल्या असंख्य इमारतींचा मालक कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिमित्री हेगेमान आणि त्याच्या मित्रांना हा तळ सापडला आणि १९९१ च्या मार्चमध्ये त्यांनी तिथं नाच सुरू केला. मावशींच्या आठवणीत छतावरून गंज मिसळलेलं पाणी डोक्यावर ठिबकायचं. २००५ मध्ये ते बंद झालं, २००७ मध्ये इथं उघडलं. येताना लॉकरही आणले.

दाराशी पुन्हा एक माणूस. "आज कोण वाजवतंय?" मी नाव सांगितलं, आणि का कोण जाणे, पहिल्यांदा कधी ऐकलं तेही सांगून टाकलं : इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, एका सीनिअरच्या हार्डडिस्कमधून, १९९५ मध्ये टोकियोत मुद्रित झालेली ती मैफल. त्यानं एवढं विचारलं नव्हतं. तो हसला आणि बाजूला झाला. आत माझ्या फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल गोल टिकल्या चिकटवल्या. फोटो नाही. बाजूला बोळे ठेवलेले. घेतले.

जिना खाली, मग एक लांब बोगदा. धूर इतका, की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. आवाज आधी पायांत आला, मग पोटात, कानात सगळ्यात शेवटी. बोगदा संपला तिथं खोली, खोलीच्या कडेला लोखंडी गज आणि गजांमागं तो. काळा शर्ट, बारीक अंग, मान खाली. जत्रेत पिंजऱ्यामागं काहीतरी बघायला जातो तसं मी गर्दीतून पुढं सरकले. वाटेत ज्याला धक्का लागला त्यानं वळून सॉरी म्हटलं. अंधारात, त्या आवाजात. सोळाव्या वर्षी मी आमच्या मंडळापुढं नाचायला उतरले होते. पाच मिनिटांत दोन हात लागले आणि सहाव्या मिनिटाला काकांनी दंडाला धरून घरी नेलं. त्यानंतर गॅलरीतूनच. इथं शेजारी एक पोरगी डोळे मिटून स्वतःभोवती फिरत होती. तिच्याभोवती हातभर जागा होती आणि ती जागा कुणी खाल्ली नाही.

मी त्याचे हात बघत राहिले. गाणं सुरू होऊन पुरतं रंगात यायच्या आत हा दुसरं लावतो, तिसरं वर चढवतो, पहिलं काढून घेतो. पोळ्या करणाऱ्या बाईसारखं : एक तव्यावर, एक पोळपाटावर, एक गोळा हातात. वर एकदाही बघत नाही. माइक नाही. आमच्याकडं गाण्याच्या मध्येच अमुक मंडळाचा विजय असो, तमुक अण्णांच्या सौजन्यानं, जरा मागं सरका. इथं दोन तासांत त्याच्या तोंडून शब्द नाही. मग त्यानं सगळं थांबवलं आणि उजवीकडच्या करड्या पेटीकडं वळला. रोलंड ९०९. १९८३ मध्ये निघालेलं तालाचं यंत्र, खाली सोळा बटणांची ओळ. आता फक्त ते. तो बटणं उघडझाप करत होता आणि त्यातली झांज अशी तडतडायला लागली की मला आमच्या गल्लीतली हलगी आठवली, कुस्तीच्या फडातली, शेकोटीवर तापवून ताणलेली. या यंत्रातला ढोल विजेतून घडवलेला आहे, पण झांज खऱ्या झांजेवरून घेतलेली आहे. तिच्यात कुणीतरी एकदा खरंच हात मारलाय. डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने बंद पडत होते तेव्हा तिथल्या कृष्णवर्णी पोरांनी अशाच यंत्रांतून हे संगीत काढलं. घरात कमी विचारलं गेलं आणि या तिजोरीत डोक्यावर घेतलं गेलं. जेफ मिल्सचा 'वेव्हफॉर्म ट्रान्समिशन'चा पहिला भाग ट्रेझोरनंच काढला, १९९२ मध्ये.

तिसऱ्या तासाला पाय भरून आले म्हणून भिंतीकडं सरकले. पाठीमागं लॉकरांची रांग होती. गंजलेली, काहींची दारं उचकटलेली, आत काळोख. यांत कुणाच्या बांगड्या होत्या, कुणाची कागदपत्रं. मी एका दारावर तळहात टेकवला. पत्रा थरथरत होता, बारीक, सलग. थोडा वेळ दुसराही हात टेकवला. मग हात काढून घेतले. हे धरून ठेवायची गरज नव्हती. इथं वरच्या मजल्यावर कुणाची आजी नव्हती.

मावशी पाचपर्यंत नाचल्या. मी त्यांच्या आधी दमले.

बाहेर आलो तर लख्ख उजाडलेलं. मागं वळून पाहिलं : उंच काळी इमारत, आत पाचशे माणसांना पुरेल एवढा गदारोळ, आणि रस्त्यावर चिमण्या ऐकू येत होत्या. रविवार सुरू झाला होता, काच न टाकण्याचा वार. ओबरबाउम पुलावर आम्ही थांबलो. मावशींनी काठावरची एक काचेची इमारत दाखवली. वॉटरगेट क्लब होता, २०२४ संपता संपता बंद झाला. वाढती भाडी, नवे शेजारी, कमी झालेले पाहुणे. त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं होतं. एखादी गोष्ट वारसा झाली की समजावं, असं काहीसं मावशी पुटपुटल्या, आणि पाव घ्यायला गेल्या.

पुलाच्या कठड्याला टेकून मी आतेभावाला फोन लावला. तिकडं साडेनऊ वाजले होते. तो कुठल्यातरी लग्नाची भिंत उतरवत होता. मागं साखळदंडाचा खडखडाट.

"व्हिडिओ टाक की."

काढू देत नाहीत, म्हटलं. कॅमेऱ्यावर टिकली लावतात.

"मग गेलीस हे लोकांना कळणार कसं?"

मी त्याला टिकल्यांचा किस्सा सांगितला, गजांमागच्या माणसाचा, हलगीसारख्या झांजेचा. पिंजऱ्यात कोंडलेला ऑपरेटर ही कल्पना त्याला फार आवडली. आमच्यातले निम्मे असेच कोंडायला पाहिजेत, म्हणाला. मग आवाज बाहेर अजिबात येत नव्हता हेही सांगितलं, रस्त्यावर चिमण्या ऐकू येत होत्या म्हणून. यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागचा खडखडाटही थांबला होता.

"आजीला चाललं असतं मग," तो म्हणाला. आणि लगेच, "बरं ते ऱ्हाऊ दे. बेस किती होते?"

मोजायचे राहून गेले होते.